वारा सर्वांचा, मग विद्या कोणाची?
(स्नेंटन गावच्या पवनचक्कीची हकिकत)

पवनचक्की म्हटली की आज आपल्या डोळ्यांपुढे सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याचे पठार नाही तर धुळे जिल्ह्यातील साक्रीकडचे माळ येतात. उंच पांढरे खांब, त्यांवर फिरणारी तीन पाती आणि तारांतून जाणारी वीज. पण 'चक्की' हा शब्द मुळात पिठाचा आहे. विजेचा शोध लागण्याआधी कित्येक शतके माणसाने वाऱ्याला दळायला बसविले होते. अशाच एका जुन्या दळणाच्या पवनचक्कीची हकिकत आम्ही आज वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत. ही चक्की इंग्लंडातील आहे. परंतु तिच्यापासून घेण्याजोगा बोध आपल्या वस्तीच्या आणि आपल्या घराच्या उपयोगाचा आहे, म्हणून हा प्रपंच.

दळण हा विषय आपल्याला परका नाही. पहाटे जात्यावर बसून पायली-दोन पायली दळल्याशिवाय आपल्या आया-आज्यांचा दिवस उगवत नसे. त्या जात्यावरच त्यांनी भीमरावाच्या ओव्या गायिल्या. हेमा राईरकर आणि गी पॉईटेव्हिन यांनी खेड्यापाड्यांतून फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत बाबासाहेबांवरील ओव्याही आहेत. पुढे गावात गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले. पण गिरणीवर सुद्धा आपल्या मायबहिणींची पाटी बाजूला ठेवली जाई आणि सर्वांचे झाल्यावर शेवटी लागे, हे ज्येष्ठ वाचकांना सांगावयास नको. तेव्हा, चक्की कोणाची आणि तिच्यावर दळण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न साधा नाही. तो सत्तेचा प्रश्न आहे.

वाऱ्यावरही मालकी

वाऱ्यावर फिरणाऱ्या चक्क्या प्रथम इराणच्या पूर्वेकडील वारे वाहणाऱ्या प्रदेशात झाल्या. युरोपात त्या बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागतात. त्या काळी तेथे सरंजामशाही होती. गावचा जमीनदार म्हणजे कोठे उमराव, तर कोठे धर्ममठाचा महंत. रयतेने आपले धान्य मालकाच्याच चक्कीवर दळले पाहिजे आणि त्यातील हिस्सा दळणावळ म्हणून दिला पाहिजे, असा दंडक पुष्कळ ठिकाणी होता.

इ. स. ११९१ मधील एक प्रकरण नोंदलेले आहे. इंग्लंडात बरी सेंट एडमंड्स येथे मोठा मठ होता आणि सॅमसन नावाचा महंत त्याचा प्रमुख होता. हर्बर्ट नावाच्या एका धर्माधिकाऱ्याने आपल्या जमिनीवर पवनचक्की उभारली. महंताला ते कळताच तो संतापला. नगरातील लोक उद्या त्या चक्कीवर जातील आणि मठाच्या चक्कीचे उत्पन्न बुडेल, ही त्याची खरी भीती. त्याने चक्की पाडण्याचे फर्मान सोडले. हर्बर्टने येऊन म्हणणे मांडले की वाऱ्याचा लाभ कोणालाही नाकारता येणार नाही, आणि मी तर माझेच धान्य दळणार आहे. महंताने ऐकले नाही. शेवटी महंताचे सेवक पाडायला येण्यापूर्वी हर्बर्टने स्वतःच आपली चक्की उतरविली. मठातल्याच जोसेलिन नावाच्या भिक्षूने ही हकिकत लिहून ठेवली, म्हणून आपल्याला ती कळते.

दुसरे प्रकरण सेंट अल्बन्स या गावचे. तेथील लोक मठाच्या चक्कीवर जाण्याऐवजी घरीच हाताच्या जात्यावर दळू लागले. १३३१ साली महंताने ती जाती जप्त केली आणि त्यांच्या तळ्या आपल्या मठाच्या फरशीत बसविल्या. लोकांची जाती महंताच्या पायाखाली! पन्नास वर्षांनी, १३८१ च्या शेतकऱ्यांच्या उठावात, गावकरी मठात शिरले, फरशी उखडली आणि त्या दगडांचे तुकडे प्रसादाच्या भाकरीसारखे आपसांत वाटून घेतले. पन्नास वर्षे त्यांनी तो अपमान विसरला नव्हता.

वाचकहो, २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्राशन केले. तेव्हा प्रश्न पाण्याच्या चवीचा नव्हता. निसर्गाने जे सर्वांना दिले, त्यावर माणसाने माणसाला बंदी का घालावी, हा प्रश्न होता. वाऱ्याची गोष्ट आणि पाण्याची गोष्ट मुळात एकच आहे. मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. महंताला दळणाचे पैसे हवे होते, तेथे शिवाशिव नव्हती. आपल्याकडे पैसे देऊनही पाणी मिळत नव्हते.

स्नेंटनची चक्की

आता मुख्य हकिकतीकडे वळू. नॉटिंगहॅम हे इंग्लंडातील मोठे शहर. त्याच्या पूर्वेस टेकडीवर स्नेंटन हे वेगळे गाव होते. पुढे १८७७ साली ते शहरात सामील झाले. नॉटिंगहॅममध्ये जॉर्ज ग्रीन नावाचा एक पाव भाजणारा गृहस्थ होता. १८०० साली तेथे धान्याचे भाव भडकले आणि भुकेल्या लोकांनी दंगा केला. या बेकरीवाल्याच्या खिडक्या फुटल्या आणि त्याला महापौरांकडे संरक्षण मागावे लागले. हा गृहस्थ धंद्यात हुशार होता. १८०७ साली त्याने स्नेंटनच्या टेकडीवर विटांची पवनचक्की बांधली.

ही चक्की म्हणजे वर निमुळता होत जाणारा उंच बुरूज. त्याच्या डोक्यावर फिरते टोपण आणि टोपणाला चार मोठी शिडे. वारा दिशा बदलेल तसे टोपण फिरले पाहिजे, नाहीतर शिडांना वारा मिळत नाही. यासाठी मागच्या बाजूस एक लहान पंखा असतो. वारा बाजूने आला की तो फिरतो आणि दात्यांच्या चाकांमार्फत सगळे टोपण वाऱ्याकडे वळवितो. शिडांचा आस मोठ्या दातेरी चाकाला फिरवितो, ते चाक उभ्या खांबाला आणि खांब जात्याच्या वरच्या तळीला फिरवितो. खालची तळी स्थिर. धान्याची पोती वाऱ्याच्याच जोराने वर ओढून घेतात आणि वरून धान्य खाली येता येता त्याचे पीठ होते. तत्त्व आपल्या आजीच्या जात्याचेच, फक्त खुंट्याला हाताऐवजी वारा.

काम मात्र जिकिरीचे. वारा हा काही घड्याळ पाहून येत नाही. रात्री दोनला सुटला तर दोनला उठावे लागते. वारा वाढला तर शिडांचे कापड कमी करावे लागते, नाहीतर चक्की बेफाम होते. दोन तळ्यांमध्ये धान्य संपले तर दगडावर दगड घासून ठिणग्या उडतात आणि पिठाची धूळ पेट घेऊ शकते. तळ्यांना टाकी लावणे हे तर नित्याचेच. अशा या चक्कीवर मालकाचा एकुलता मुलगा राबू लागला. त्याचेही नाव जॉर्ज ग्रीन.

चार सत्रांची शाळा

धाकट्या जॉर्जचा जन्म १७९३ सालचा. आठव्या वर्षी, १८०१ च्या मार्चमध्ये, त्याला गावातल्या गुडएकर नावाच्या शिक्षकाच्या शाळेत घातले आणि १८०२ च्या मध्यास काढून घेतले. एकूण चार सत्रे. त्यानंतर बेकरी आणि मग चक्की. चाळीस वर्षांचा होईपर्यंत त्याने दुसऱ्या शाळेची पायरी चढल्याची नोंद नाही.

परंतु त्याला गणिताचे वेड होते. दळण चालू असताना आणि वारा पडला असताना मिळेल त्या वेळात तो अभ्यास करी. चक्कीच्या वरच्या मजल्यावर तो पुस्तके घेऊन बसे, असे तेथील लोक आजही सांगतात. नॉटिंगहॅममध्ये १८१६ पासून वर्गणीदारांचे एक ग्रंथालय होते. १८२३ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो त्याचा सभासद झाला. हा त्याच्या आयुष्यातला मोठा दिवस मानला पाहिजे. फ्रान्समधील लाप्लास आणि प्वासाँ या गणितज्ञांचे काम त्याने आत्मसात केले. त्या काळी इंग्लंडातील मोठमोठे विद्वानही ते नीट वाचत नव्हते.

ग्रंथालयाचा सभासद झाल्यावर पाच वर्षांनी, म्हणजे १८२८ साली, त्याने एक निबंध छापला. विषय होता वीज आणि चुंबकत्व यांना गणित कसे लावावे. कोणा विद्यापीठाने तो छापला नाही. त्याने स्वतः नॉटिंगहॅममध्ये छापून घेतला आणि वर्गणीदार मिळविले एक्कावन्न. किंमत साडेसात शिलिंग. आम्ही पडलो कारकून, त्यामुळे बेरीज केल्याशिवाय राहवले नाही : एक्कावन्न गुणिले साडेसात शिलिंग म्हणजे १९ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स. भौतिकशास्त्राची दिशा ज्या पुस्तकाने बदलली, त्याची वर्गणी एवढीच जमली. त्यातले बहुतेक वर्गणीदार ग्रंथालयातील सभासद आणि गावातील परिचित. निबंधातले गणित त्यांपैकी क्वचितच कोणाला कळले असेल. पण आपल्या चक्कीवाल्याने पुस्तक लिहिले आहे तर घेऊ या, एवढे त्यांना कळले आणि तेवढ्याने काम झाले. प्रस्तावनेत ग्रीनने नम्रपणे लिहिले आहे की, तुटपुंज्या सवडीत आणि थोड्या साधनांनी ज्याला शिकावे लागले, त्याच्याकडे वाचकाने सांभाळून पाहावे.

या निबंधात काय होते? आम्ही वाणिज्य शाखेचे, तेव्हा खोलात शिरत नाही. पण त्याच्या नावाने शिकविले जाणारे 'ग्रीनचे प्रमेय' मोजणीच्या उदाहरणाने सांगता येते. एखाद्या वेड्यावाकड्या शेताच्या बांधावरून एक पूर्ण फेरी मारली आणि पावलापावलाची नोंद ठेवली, तर आत पाऊल न टाकता शेताचे क्षेत्र काढता येते. काठावर जे घडते, त्यावरून आत काय आहे याचा हिशेब. ज्यांना पिढ्यान् पिढ्या गावाच्या काठावर ठेवले, त्यांनी या प्रमेयावर जरूर विचार करावा. गावाच्या आत काय चालले आहे, हे वेशीबाहेरच्यांना आतल्यांपेक्षा अधिक कळत होते. आज आपली जी मुले इंजिनिअरिंग आणि बी.एस्सी. शिकतात, त्यांच्या पुस्तकात हे प्रमेय असतेच. ते एका दळणाऱ्याच्या नावाचे आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

एक पत्र आणि दोन वर्षांचा उशीर

एक्कावन्न वर्गणीदारांत एडवर्ड ब्रॉमहेड नावाचा एक जमीनदार होता. त्याने स्वतः केंब्रिजमध्ये गणित शिकलेले. त्याला निबंधाचे मोल कळले आणि त्याने लगेच ग्रीनला पत्र लिहिले की, पुढचे लेखन पाठवा, मी ते विद्वत्सभेपुढे ठेवतो. ग्रीनने उत्तर दिले नाही. कोणीतरी त्याला सांगितले की मोठे लोक असे सौजन्य म्हणून लिहितात, ते मनावर घ्यायचे नसते. जवळजवळ दोन वर्षे अशीच गेली. १८३० च्या आरंभी त्याने उत्तर पाठविले, आणि ब्रॉमहेडचा शब्द खरा असल्याचे दिसून आले.

आमच्या मते या साऱ्या हकिकतीतील हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. आपल्या वस्त्यांतूनही असे सल्लागार काही कमी नाहीत. मुलगी परदेश शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला निघाली की, "ते आपल्यासाठी नसतं गं," असे सांगणारा काका घरातच असतो. दार उघडे असते, पण ते आपल्यासाठी नाही असे आपणच ठरवून टाकतो. शेकडो वर्षांच्या गुलामीने मनाला लावलेली ही सवय आहे. ती मोडल्याशिवाय कायद्याने उघडलेले दारही उपयोगाचे नाही.

वडील १८२९ साली वारले. ग्रीनने चक्की भाड्याने दिली आणि ब्रॉमहेडच्या आग्रहाने १८३३ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, केंब्रिजला नाव घातले. लॅटिन थोडे, ग्रीक त्याहून थोडे आणि वय झालेले, अशी धाकधूक त्याने पत्रात व्यक्त केली होती. अवतीभवती अठरा-वीस वर्षांची श्रीमंतांची मुले. १८३७ च्या गणिताच्या परीक्षेत तो चौथा आला.

त्याच परीक्षेत दुसरा आलेला विद्यार्थी होता सिल्व्हेस्टर. हाही पुढे जगप्रसिद्ध गणितज्ञ झाला. पण त्याला केंब्रिजने पदवी दिली नाही. कारण तो ज्यू होता. पदवीसाठी चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्मकलमांवर सही करावी लागे आणि त्याने ती केली नाही. धर्माची ती अट उठल्यानंतर १८७२ साली, म्हणजे पस्तीस वर्षांनी, त्याला केंब्रिजची पदवी मिळाली. चौथ्याला पदवी आणि दुसऱ्याला नाही! गुणवत्तेची भाषा आपल्याला येता-जाता ऐकविणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही बाबासाहेबांना पर्शियन घ्यावी लागली. ही दोन्ही एकाच जातीची उदाहरणे आहेत.

जेन स्मिथचा वाटा

कुटुंबाच्या पानावर ही हकिकत लिहिताना जेन स्मिथचे नाव वगळणे अन्यायाचे होईल. चक्कीच्या व्यवस्थापकाची ही मुलगी. जॉर्ज आणि जेन यांना सात मुले झाली, पण त्यांचे लग्न कधीच झाले नाही. पुढे १८३९ साली कॉलेजने ग्रीनला 'फेलो' केले. त्या पदाची अट अशी की माणूस अविवाहित असला पाहिजे. म्हणजे ज्या नियमाने त्याला मान दिला, त्याच नियमाने तिला नाव नाकारले. तो केंब्रिजला असताना मुलांचा संसार तिने स्नेंटनला ओढला. एका माणसाच्या विद्येची किंमत दुसऱ्या माणसाने चुकती केली. तो हिशेब कोणत्याही ग्रंथात मांडलेला नाही.

माता रमाईंनी काय सोसले, ते आपण जाणतो. त्यांचे नाव आपण आदराने घेतो, हे आपल्या चळवळीचे मोठेपण. पण नुसते नाव घेऊन भागणार नाही. घरातला मुलगा अभ्यासाला बसला की बहिणीने भांडी घासायची, ही रीत आजही आपल्या किती घरांत चालू आहे, हे ज्याने त्याने पाहावे.

मृत्यूनंतर

ग्रीनला यशाचा उपभोग फार काळ मिळाला नाही. १८४० साली तो आजारी होऊन स्नेंटनला परतला आणि ३१ मे १८४१ रोजी वारला. वय ४७. गावच्या चर्चच्या आवारात, चक्कीपासून हाकेच्या अंतरावर, त्याला पुरले. त्याचे चित्र कोठेही नाही. तो दिसायला कसा होता, हे जगाला माहीत नाही.

त्याचा निबंधही विस्मरणात गेला असता. पण १८४५ साली विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून गाजले, त्यांनी कोठेतरी त्याचा उल्लेख वाचला होता. पुस्तकविक्रेत्यांकडे मिळेना. अखेर पॅरिसला निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्याच शिक्षकांकडे तो सापडला. थॉमसनने तो पॅरिसच्या गणितज्ञांना दाखविला आणि १८५० ते १८५४ या काळात जर्मनीतील नामांकित नियतकालिकात छापून आणला. विसाव्या शतकात अणूच्या आतील शास्त्र मांडताना नोबेल विजेते श्विंगर यांनी ग्रीनच्याच पद्धतीचा आधार घेतला. ग्रीनच्या जन्माला दोनशे वर्षे झाली, त्या १९९३ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये न्यूटनच्या समाधीजवळ त्याच्या नावाची फरशी बसली. ज्या देशात एका महंताने लोकांच्या जात्यांची फरशी केली, त्याच देशात एका दळणाऱ्याच्या नावाची फरशी झाली. मध्ये साडेसहाशे वर्षे गेली.

आणि चक्की? वाफेच्या गिरण्या आल्यावर ती बंद पडली. शिडे गेली, पडझड झाली. १९२३ साली तिला तांब्याचे टोपण बसविले. पुढे आत पॉलिशचा कारखाना निघाला आणि १९४७ साली आगीत आतले सारे जळाले. उरला तो नुसता विटांचा बुरूज. नंतर नॉटिंगहॅम विद्यापीठातील लोकांनी निधी गोळा केला, १९७९ साली चक्की नगरपालिकेकडे आली आणि जुन्या पद्धतीने पुन्हा उभी राहिली. १९८५ साली तेथे मुलांसाठी विज्ञान केंद्र सुरू झाले आणि पुढच्या वर्षी तिच्यातून पुन्हा पीठ पडू लागले.

आपण काय करावे?

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जॉर्ज ग्रीन काही अस्पृश्य नव्हता आणि भुकेकंगालही नव्हता. त्याच्या बापाची चक्की होती, ग्रंथालयाची वर्गणी भरण्याइतका पैसा होता. ग्रंथालयात गेल्यावर त्याला कोणी बाहेर उभे केले नाही. म्हणून त्याची आणि बाबासाहेबांची तुलना आम्ही करीत नाही. बाबासाहेबांना तर १९१७ साली बडोद्यात राहायला खोलीही मिळाली नव्हती. उलट आमचे म्हणणे असे की, ज्याला एवढ्या सोयी होत्या त्याच्याही वाटेत जर चाळीस वर्षे गेली, तर ज्यांना काहीच नव्हते, त्यांच्यातले किती ग्रीन दळता दळताच संपले असतील, याचा हिशेब कोण देणार?

ग्रीनला चार गोष्टी मिळाल्या : पुस्तके, बसायला एक जागा, विश्वासाने वर्गणी देणारे एक्कावन्न लोक आणि पाठीवर हात ठेवणारा एक जाणकार. बाबासाहेबांना सयाजीराव महाराज आणि शाहू महाराज यांचे साहाय्य झाले, आणि त्यांनी ते समाजाला सव्याज परत केले. १९४६ चे सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० चे मिलिंद महाविद्यालय ही त्याची साक्ष. दादरचे 'राजगृह' तर त्यांनी पुस्तकांसाठीच बांधले.

आता आपली पाळी आहे. आपल्या प्रत्येक वस्तीत विहार आहे. वर्षातून चार-सहा दिवस तेथे गर्दी होते, बाकीचे दिवस पुष्कळ ठिकाणी कुलूप असते. त्या विहारात एक दिवा, दहा खुर्च्या, एक कपाट आणि रात्री दहापर्यंत किल्ली सांभाळणारा एक कार्यकर्ता, एवढ्यावर अभ्यासिका चालते. वस्तीतून एक्कावन्न वर्गणीदार करा. पुस्तक आपल्याला कळले नाही तरी चालेल, नॉटिंगहॅमच्या वर्गणीदारांनाही कळले नव्हते. नोकरीतल्या सुशिक्षितांनी आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांच्या गणितासाठी द्यावी. गणित आपल्या डोक्याचे नाही, असे मूल म्हणाले तर त्याला स्नेंटनच्या चक्कीवाल्याची गोष्ट सांगावी. अर्ज भरणाऱ्याला मागे ओढू नये, त्याच्याबरोबर टपालपेटीपर्यंत जावे. आणि अभ्यासिकेच्या पहिल्या रांगेत मुलींना बसवावे.

वारा सर्वांचा आहे, हे हर्बर्टने ११९१ साली सांगितले आणि त्याची चक्की उतरली. पाणी सर्वांचे आहे, हे बाबासाहेबांनी १९२७ साली कृतीने सांगितले आणि दहा वर्षे कोर्टात लढून १९३७ साली उच्च न्यायालयातही ते शाबीत केले. विद्या सर्वांची आहे, हे शाबीत करायला आता कोर्टात जावे लागत नाही. विहाराचे कुलूप काढावे लागते.

जयभीम!